जुना ट्रक घाटात दम सोडतो: पंप उतरवण्याआधी टाकीकडे बघा

विचारणारे लांजा-राजापूर पट्ट्यातले चिरा वाहतूकदार आहेत. गाडी टाटाची १६१३, ६९७ टर्बो इंजिन, इनलाइन पंप (नोझलकडे दाबाने डिझेल पाठवणारा), वीस वर्षांच्या पुढची. चिरेखाणी बंद असल्यामुळे पावसाळाभर उभी होती, दसऱ्याला बाहेर काढली. तेव्हापासून सकाळी हँड पंप मारल्याशिवाय सुरू होत नाही. चिरा भरून आंबा घाट चढताना मध्येच दम सोडते आणि बंद पडते. दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवली की काही झालंच नाही अशी पुन्हा चालते. टाकी भरलेली असली की त्रास कमी. नोझल बदलले, फिल्टर दोनदा बदलले, फरक शून्य. आता मेकॅनिक म्हणतो पंप उतरवून कॅलिब्रेट करू, आणि मालकांना कोल्हापुरात भंगारातला एक पंप स्वस्तात मिळतोय. काय करावं, असा प्रश्न आहे.

पंप उतरवू नका. आत्ता तरी नाही. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांतलं एकही लक्षण पंपाकडे बोट दाखवत नाही. झिजलेला पंप दहा मिनिटं विश्रांती घेऊन बरा होत नसतो, आणि टाकीत डिझेल किती आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. तुमची गाडी टाकी भरलेली असताना नीट चालते आणि अर्ध्याखाली गेली की रडते. मग शोधायला सुरुवात टाकीपासून करायची. आपल्याकडे उलटं होतं: आधी नोझल, मग पंप, आणि सगळं करून झालं की कोणीतरी टाकीत वाकून बघतो. पंपाच्या कामात मोठी रक्कम जाते, टाकीच्या कामात एक रविवार जातो. पण टाकी उतरवणं घाणीचं काम, म्हणून ते कोणालाच नको असतं.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडेल. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (टाकीतलं डिझेल ओढून मुख्य पंपाकडे ढकलणारा छोटा पंप) भाग ओढणारा आहे, फीड पंपाच्या पुढचा भाग ढकलणारा. ढकलणाऱ्या भागात कुठे फट असेल तर डिझेल बाहेर येतं, धूळ बसून काळा डाग पडतो, कोणालाही दिसतं. ओढणाऱ्या भागात फट असेल तर डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. शहाळ्याच्या स्ट्रॉला वर चीर गेली की कितीही ओढा, तोंडात पाणी कमी आणि हवा जास्त येते, तसंच. बाहेरून सगळं कोरडं आणि चकाचक दिसतं. म्हणून 'कुठेच लीक नाही हो' हे वाक्य ओढणाऱ्या भागाबद्दल काहीच सांगत नाही. ट्रकची टाकी चेसिसच्या बाजूला खाली असते आणि फीड पंप तिच्यापेक्षा वर. रात्री गाडी उभी राहिली की त्या फटीतून हवा शिरते आणि नळीतलं डिझेल हळूहळू टाकीत उतरतं. सकाळी तुम्ही हँड पंप मारता तो त्या रिकाम्या नळीसाठी.

आता फुकटातली तपासणी. पुढच्या वेळी गाडी घाटात बंद पडली की हँड पंपाला हात लावू नका, फिल्टर खोलू नका. खाली उतरा, टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. आत हवा ओढली गेल्याचा 'स्स' असा आवाज आला आणि लगेच गाडी सुरू होऊन पहिल्यासारखी ओढायला लागली, तर झाकणाचं भोक बुजलेलं आहे. टाकीतून डिझेल जातं तेवढी हवा आत यावी लागते, नाहीतर आत पोकळी तयार होते आणि फीड पंपाला डिझेल ओढवत नाही. चिऱ्याच्या गाड्यांत हे फार होतं. जांभ्याची तांबडी धूळ पहिल्या पावसात त्या बारीक भोकात लिंपल्यासारखी बसते आणि उन्हात घट्ट होते. उभं राहिल्यावर हळूहळू हवा शिरते, म्हणून दहा मिनिटांनी गाडी चालते. झाकण रॉकेलमध्ये भिजवून, वायर घालून, फुंकर मारून साफ करा. काही गाड्यांना झाकणावर भोक नसतं, टाकीच्या वरच्या बाजूला वेगळी ब्रीदर नळी असते, ती बघा. झाकण सैल ठेवून गाडी चालवणारे ड्रायव्हर मला माहीत आहेत. उन्हाळ्यात चालून जातं, जूनमध्ये टाकीत पाणी.

झाकण उघडून फरक पडला नाही तर दुसरा संशयित टाकीच्या आत आहे, आणि तुमच्या बाबतीत माझा जास्त संशय त्याच्यावरच आहे. टाकीत वरून एक नळी उतरलेली असते, तळापासून बोट-दीड बोट वर तिचं तोंड. तिच्यातून डिझेल ओढलं जातं. पावसाळाभर अर्धी टाकी ठेवून गाडी उभी केलीत ना? मग त्या नळीचा वरचा अर्धा भाग चार महिने दमट हवेत होता. आपल्या किनाऱ्यावर लोखंडाचं काय होतं ते सांगायला नको. मी काढलेल्या अशा नळ्यांमध्ये गंज बहुतेक एका ठरावीक उंचीवर असतो, जिथे डिझेलची पातळी बरेच दिवस एकाच जागी राहिलेली असते तिथे. वरून हात फिरवला तर नुसती खरखर लागते. पण नळीचं एक तोंड बोटाने बंद करा, दुसऱ्या तोंडातून फुंका आणि पाण्याच्या बादलीत धरा. सुईच्या अग्राएवढ्या भोकातून बुडबुड्यांची माळ निघते. टाकी भरलेली असताना ते भोक डिझेलखाली बुडालेलं असतं, तेव्हा त्यातूनही डिझेलच ओढलं जातं आणि गाडी सुरळीत चालते. पातळी भोकाखाली गेली की हवा. घाटात गाडी तिरपी होते, वळणावर डिझेल एका बाजूला जातं, आणि भोक मध्येच उघडं पडतं. 'टाकी भरलेली असली की त्रास कमी' याचा अर्थ हा.

ही नळी बदलताना घरगुती प्लंबिंगची जीआय पाइप किंवा फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी वापरू नका. दोन्ही सहज मिळतात म्हणून सर्रास वापरतात. जस्त आणि तांबं दोन्ही डिझेल लवकर खराब करतात, त्यातून चिकट राळ तयार होते आणि ती पुढे नोझलवर जाऊन बसते. शिवाय चेसिसवरून नेलेली तांब्याची नळी हादऱ्याने कडक होऊन सांध्याजवळ चिरते. आतली नळी साध्या स्टीलची करा, बाहेरची लाइन डिझेलसाठीची नायलॉनची.

तिसरी शक्यता, तीही दहा मिनिटांच्या विश्रांतीशी जुळणारी: नळीच्या तोंडाची जाळी. टाकीत गंजाच्या खपल्या, पानं, कापडाचा चिंधूक, सीलचा तुकडा असं काहीतरी तरंगत असतं. पूर्ण लोडवर ओढ जास्त असते, तेव्हा ते जाळीवर जाऊन चिकटतं. इंजिन बंद झालं की ओढ संपते, ते सुटून खाली पडतं, आणि तुम्हाला वाटतं गाडी थंड झाली म्हणून चालली. रिकामी गाडी सपाटीवर कधीच त्रास देत नाही, कारण तेवढी ओढच नसते. फिल्टर कितीदा बदलले तरी याला उपाय नाही, फिल्टर या अडचणीच्या पुढे आहे.

या तिन्हींची शहानिशा एका चाचणीत होते. दहा लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात चांगलं डिझेल भरा, नवीन होज पाइप त्यात सोडून थेट फीड पंपाच्या इनलेटला जोडा. टाकी पूर्ण बाजूला. परतीची नळीसुद्धा याच कॅनमध्ये सोडा. हे लोक विसरतात, मग जास्तीचं डिझेल टाकीत जातं आणि कॅन बघता बघता रिकामा होतो. कॅन सायलेन्सरपासून लांब, बॅटरीच्या बाजूला नाही, आणि पक्का बांधून. केबिनमध्ये मांडीवर घेऊन बसू नका, क्लीनर कितीही हौशी असला तरी. मग गाडी भरून निवळीच्या चढावर घ्या, आंबा घाटापर्यंत जायची गरज नाही. कॅनवर गाडी नीट ओढली तर दोष टाकी, आतली नळी, झाकण किंवा चेसिसवरची लाइन यांत आहे, पंप निर्दोष. कॅनवरही दम सोडला तर दोष फीड पंपात किंवा त्याच्या पुढे. एका चाचणीने अर्धी सिस्टिम बाद होते. पंप कॅलिब्रेट करा म्हणणाऱ्या मेकॅनिकला एवढंच विचारा, कॅन लावून बघितलात का?

पारदर्शक नळीचा तुकडाही असाच उपयोगाचा. फीड पंपाच्या आधी तो जोडा आणि इंजिन चालू करून बघा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतील, ते हवा काढताना राहिलेले. पाच मिनिटांनी रेस वाढवून बघा. बारीक बुडबुड्यांची सतत रांग चालली असेल तर मागे कुठेतरी हवा धरतेय. मग एकेका सांध्यावर ग्रीसचा जाड थर लावत चला. ज्या सांध्यावर लावल्यावर बुडबुडे थांबतील तो चोर. पक्कं काम मात्र नवीन तांब्याच्या वायसरनेच करा. जुना वायसर एकदा दबला की दुसऱ्यांदा नीट बसत नाही, आणि त्यावर एम-सील थापणं म्हणजे पुढच्या माणसासाठी खड्डा खणून ठेवणं.

रबरी होज बाहेरून बघून पास करू नका. जुन्या होजचा आतला थर सुटतो आणि ओढ आली की झडपेसारखा मिटतो. बाहेरून होज नवीकोरी वाटते. चाकूने उभी चिरून बघा, कळेल. वीस वर्षांच्या गाडीत सगळ्या होज एकदम बदला, एक-एक करून बदलण्यात काही वाचत नाही.

फीड पंपाचं थोडक्यात. आत दोन झडपा, स्प्रिंग, पिस्टन, इनलेटला छोटी जाळी. ती जाळी किती जणांना माहीत असते देव जाणे. बँजो बोल्ट (नळी जोडणारा, मधून पोकळ) काढला की आत दिसते, बहुतेक वेळा तांबड्या चिखलाने भरलेली. झडपेखाली कण अडकला तर डिझेल रात्रीत मागे सरकतं. हँड प्रायमरची, म्हणजे हँड पंपाची, मूठ वापरल्यावर पूर्ण आवळून ठेवायची, सैल राहिली तर तिथूनही हवा. तिच्या बुंध्याशी डिझेल पाझरत असेल तर प्रायमरच बदला, फार महाग नसतो.

पंपाच्या परतीच्या बाजूला ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह असतो, बँजो बोल्टसारखाच दिसणारा, पण आत बॉल आणि स्प्रिंग. पंपाच्या पोटात साधारण एक-दीड बारचा दाब टिकवून धरणं हे त्याचं काम. कधीतरी कोणीतरी तो हरवतो आणि त्या जागी साधा बोल्ट बसवतो. दिसायला सगळं ठीक. पण मग डिझेल कमी विरोधाच्या वाटेने टाकीत परत जातं, पंपाचे एलिमेंट (डिझेल दाबणारे आतले प्लंजर) अर्धपोटी राहतात आणि गाडी चढावर मरते. तुमच्या गाडीला याआधी बरेच हात लागले आहेत, म्हणून हे बघाच. बोल्ट काढून आतून फुंका: एका बाजूने सहज फुंकलं गेलं तर तो व्हॉल्व्ह नव्हे. आणि स्प्रिंग ताणून दाब वाढवायचा जो उद्योग चालतो तो करू नका, नवीन व्हॉल्व्ह घ्या.

हे सगळं खोलल्यावर हवा काढावी लागणार. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, प्रायमर मारा, फेसाळ डिझेल येईल, मग स्वच्छ धार येईल. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. मग पंपावरचा स्क्रू, तसंच. तरीही सुरू झाली नाही तर दोन-तीन नोझलच्या युनियनचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा, डिझेल उसळलं की आवळा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर बॅटरी आणि स्टार्टर दोन्हींचं काम निघेल. फिल्टर बदलताना बाऊलमध्ये वरून डिझेल ओतून भरायची सवय अनेकांना असते. दुसऱ्या फिल्टरच्या (पंपाच्या लगेच आधीच्या) बाबतीत ते करू नका, न गाळलेलं डिझेल थेट पंपात जातं. हात दुखला तरी प्रायमरनेच भरा.

इथे एक कळकळीची सूचना. प्रेशर पाइप लीक आहे का ते बोटाने चाचपू नका आणि नोझल टेस्टरच्या फवाऱ्यासमोर हात नेऊ नका. जुन्या मेकॅनिकल नोझलचाही दाब दोनशे बारच्या आसपास असतो, तो फवारा कातडीतून आत घुसतो. बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, दुखत नाही, आणि काही तासांत हात सुजून काळा पडायला लागतो. असं झालं तर चहा पीत बसू नका, तडक मोठं हॉस्पिटल गाठा आणि डिझेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा. लीक शोधायला पुठ्ठा धरा.

आता टाकी उतरवायचीच आहे तर कोकणातल्या टाकीचं वेगळेपण लक्षात घ्या. टाकी धरणाऱ्या लोखंडी पट्ट्याखाली रबर असतं. ते रबर ओल धरून ठेवतं, आणि मासळीची गाडी असेल तर बर्फ वितळून पडलेलं खारट पाणीही. टाकी बाहेरून रंगवलेली असते, पण पट्ट्याखाली तिचा पत्रा कागदासारखा झालेला असतो. मिरकरवाड्यावरून माल उचलणाऱ्या गाड्यांत हे जास्त, पण चिऱ्याच्या गाडीलाही पट्टा सोडून बघितल्याशिवाय पास करू नका. मासळी वाहणाऱ्यांनी फेरीनंतर टाकी, पट्टे आणि चेसिसचा तो भाग गोड्या पाण्याने धुवावा, नुसता फळका धुऊन उपयोग नाही.

तळाचा ड्रेन प्लग काढून पहिलं दोन लिटर डिझेल काचेच्या बरणीत घ्या आणि रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी. पाणी जड, ते नेहमी तळाशी. डिझेल आणि पाण्याच्या मधल्या रेषेवर तपकिरी-काळा बुळबुळीत पदार्थ दिसला आणि आंबूस वास आला, तर ती जिवाणू-बुरशीची वाढ आहे. ती पाण्यात जगते आणि डिझेलवर पोसते. उबदार, दमट हवा आणि चार महिने न हललेली टाकी, एवढं तिला पुरतं. असं असेल तर फिल्टर आठवड्यात तुंबत राहणार. फिनेल, रॉकेल, पेट्रोल ओतून ती जात नाही. टाकी खाली उतरवून, आत थोडी बारीक साखळी आणि डिझेल घालून, दोघांनी धरून हेलकावून खरवडायची, धुवायची, उलटी करून सुकवायची. मग लाइनी आणि फिल्टरचे बाऊलही धुवायचे, नाहीतर उरलेल्या बीजातून परत सुरू. आतून लावायचे कोटिंग मिळतात. माझं मत विचाराल तर वीस वर्षांच्या गंजलेल्या पत्र्यावर ते टिकत नाहीत, पापुद्रे सुटून जाळीवर येतात. पत्रा गेलाच असेल तर दुसरी टाकी बसवा.

टाकीला वेल्डिंग मारायचा मोह होईल. रिकामी डिझेल टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, आत वाफ असते आणि ठिणगी पडली की ती फुटते. 'धुतली होती हो' म्हणून वाचता येत नाही. ज्याचं हेच काम आहे, जो टाकी वाफेने साफ करून मगच हात लावतो, त्याच्याकडेच द्या. गावातल्या ग्रिलवाल्याकडे नाही.

पाणी येतं कुठून? पेट्रोल पंपावरून कधीतरी येत असेल, पण जास्त वेळा ते आपल्याच घरचं असतं. अर्ध्या टाकीत रात्री दमट हवा गार होते आणि पत्र्याला आतून दव धरतं. दुसरा मोठा मार्ग म्हणजे बॅरल. खाणीवर पोकलेनसाठी डिझेलचं बॅरल ठेवलेलं असतं आणि अडीनडीला ट्रकही त्यातूनच भरतात. बॅरल उभं असेल तर झाकणाच्या खोलगटात पावसाचं पाणी साचतं. दिवसा बॅरल तापतं, रात्री निवतं आणि निवताना ते साचलेलं पाणी बुचाच्या आट्यातून आत ओढून घेतं. बूच कितीही आवळलेलं असो. बॅरल आडवं ठेवा, दोन्ही बुचं मधल्या रेषेत येतील असं. उभंच ठेवायचं तर खाली एका बाजूला चिऱ्याचा तुकडा घालून तिरकं करा, म्हणजे पाणी बुचापासून लांब साचेल. वर पत्रा टाका. बॅरलमधून काढताना पंपाची नळी तळाला टेकवू नका. आणि गाळणीवर भरवसा ठेवू नका, साधी जाळी कचरा अडवते, पाणी नाही.

पुढच्या पावसाळ्यात गाडी उभी करणार असाल तर मेअखेर टाकी गळ्यापर्यंत भरा, म्हणजे दव धरायला जागाच राहत नाही. भरलेली टाकी म्हणजे चोराला आमंत्रण, हे खरं. कुलपाचं झाकण घ्या, त्याचं भोकही तपासा. फिल्टर आणि सेडिमेंटरमधलं (पाणी-गाळ खाली बसवणारं भांडं) पाणी काढा. पंधरवड्यातून एकदा इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवा. दोन मिनिटं सुरू करून बंद करण्याने फायदा नाही, उलट ओल वाढते. नोझलची सुई आणि पंपाचे एलिमेंट इतके जुळवून घासलेले असतात की पाण्याचा थेंब आठवडाभर राहिला तरी गंजाचा डाग पडतो आणि सुई अडकते. तुम्ही नवीन नोझल बसवलेत, टाकी मात्र तीच ठेवलीत. टाकीत पाणी निघालं तर तेही पुन्हा टेस्टरवर बघून घ्यावे लागतील.

डिझेलमध्ये टूटी (टू-स्ट्रोक गाड्यांचं) ऑइल किंवा इंजिन ऑइल मिसळावं का, हे मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आहे, त्यात गंधक फक्त १० पीपीएमपर्यंत, आणि गंधक काढलं की डिझेल 'कोरडं' होतं अशी चर्चा आहे. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत वंगणपणा कमी होतो हे बरोबर आहे. पण म्हणूनच मानकात वंगणपणाची मर्यादा घातलेली आहे आणि कंपन्या त्यासाठी ॲडिटिव्ह घालूनच डिझेल देतात. जुन्या पंपाला वरून काही घालायची गरज नाही. टूटी ऑइलने सगळ्यात जास्त काय होतं, तर नोझलच्या टोकाला कार्बन धरतो. तेवढ्या पैशात तांब्याचे वायसर घ्या. जुन्या काळातले रबरी सील मात्र नवीन डिझेलमध्ये आक्रसतात आणि पाझरायला लागतात. ते बदलून टाकायचे, त्यावर औषध नाही.

नोझलबद्दल एवढंच बघा की नवीन बसवताना जुना वायसर खाली चिकटून राहिला नव्हता ना. दोन वायसर एकावर एक बसले तर नोझल वर राहतो आणि फवारा चुकीच्या जागी पडतो. आयडलवर एकेका सिलिंडरचा युनियन नट सैल करून बघा. ज्याचा नट सोडल्यावर इंजिनच्या आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाहीये. हे फक्त जुन्या मेकॅनिकल पंपावर करायचं. कॉमन रेलच्या (नवीन, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) गाडीत तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो, नट सैल करणं म्हणजे जिवाशी खेळ. काळा धूर येत असेल तर आधी एअर फिल्टर झटका, चिऱ्याच्या गाडीत निम्म्या वेळा तिथेच तांबडी माती असते.

मग पंप खरंच खराब आहे हे कधी म्हणायचं? गाडी थंड असताना पटकन सुरू होते, पण गरम असताना बंद केली की पुन्हा सुरू होत नाही, आणि पंपावर ओलं फडकं टाकून तो गार केला की सुरू होते. हे एलिमेंट झिजल्याचं लक्षण. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून मागे निसटतं. दुसरं लक्षण: डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय आणि त्याला डिझेलचा वास येतोय. ज्या पंपाला इंजिनमधून ऑइल जातं त्यात झिजलेल्या एलिमेंटमधून किंवा फीड पंपाच्या दांड्यावरून डिझेल चेंबरमध्ये उतरतं. हे दिसलं तर गाडी लगेच उभी करा, बेअरिंग जातील. तिसरं, हवा नाही, पाणी नाही, कॅनवरही तसंच, ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह ठीक, आणि तरी ओढ नाही. तेव्हा पंप उतरवा.

उतरवण्याआधी टायमिंगची खूण आहे का बघा, नसेल तर खूण करून घ्या. टेस्ट बेंचवर (पंप तपासायच्या मशीनवर) लावल्यावर आधीचं माप आणि नंतरचं माप, सहाही लाइनींचं, कागदावर मागून घ्या. बदललेले एलिमेंट परत मागा. आणि 'थोडं डिझेल वाढवून देतो, घाटात मस्त ओढेल' असं म्हणणाऱ्याला नको म्हणा. सील तोडून डिझेल वाढवलं की महिनाभर ड्रायव्हर खूश असतो. नंतर काळा धूर, पडलेलं ॲव्हरेज, आणि सगळ्यात शेवटी जळालेला पिस्टन. ६९७ चा पिस्टन ९७ मिलिमीटरचा, सहा नग, हिशेब तुम्हीच करा.

भंगारातल्या पंपाचं: बिनटर्बो ६९७ आणि टर्बो ६९७ यांचे पंप बाहेरून सारखे वाटले तरी सेटिंग वेगळं असतं. काहींवर टर्बोच्या दाबाप्रमाणे डिझेल वाढवणारी डबी असते, काहींवर नसते. पंपाच्या अंगावर प्लेट रिव्हेट केलेली असते, तिच्यावरचा नंबर तुमच्या पंपाच्या नंबराशी अक्षर-आकड्यानिशी जुळला पाहिजे. आणायचाच असेल तर बेंचवर लावून माप बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, वरचं झाकण उघडून आत गंज आहे का बघा, रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) हाताने सरकवून बघा, कुठेही अडखळता कामा नये. प्लेट काढलेली किंवा खरवडलेली असेल तर तो पंप कितीही स्वस्त असला तरी तिथेच ठेवून या.